दोन तारखांमधले दिवस: प्रोग्राम म्हणतो २९, एक्सेल म्हणतं ३०, सेक्रेटरीकाका म्हणतात ३१

खारेगावकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून लिहितोय. कळव्याला खारेगावात राहतो, महापेला नेटवर्क सपोर्टमध्ये आहे, म्हणजे कोडिंग हा काही माझा धंदा नाही, पायथन व्हिडिओ बघून बघून शिकलोय. आमची ५६ फ्लॅटची सोसायटी. गेल्या मीटिंगला मी उगाच तोंड उघडलं की मेंटेनन्सवरचं उशिराचं व्याज हाताने काय काढत बसता, मी एक छोटा प्रोग्राम लिहून देतो, आणि तिथेच फसलो.

झालंय असं. बिल भरायची शेवटची तारीख १० एप्रिल. एका मेंबरने १० मेला सकाळी ११:२० ला यूपीआय केलं. थकबाकी ४,८०० रुपये, व्याज वर्षाला २१ टक्के, सरळव्याज. माझा प्रोग्राम म्हणतो २९ दिवस, व्याज ८०.०९. बायकोने एक्सेलमध्ये एका तारखेतून दुसरी वजा केली, ३० दिवस, ८२.८५. आमचे सेक्रेटरीकाका भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजतात, त्यांचे आले ३१, म्हणजे ८५.६१. मेंबर म्हणतात तुमचाच कॉम्प्युटर २९ सांगतोय ना मग तेवढंच घ्या. ५ रुपये ५२ पैशांवरून लिफ्टसमोर पाऊण तास. लिफ्ट दोन वेळा वर जाऊन आली.

कोड मोबाइलवरून टाकता येत नाहीये, पण त्यात आहे काय, दोन डेटटाइम (तारीख आणि वेळ एकत्र) घेतले, वजा केले, जे आलं त्याचं डॉट डेज, म्हणजे त्यातले दिवस घेतले, संपलं. यात चुकायला जागा कुठे आहे तेच कळेना.

---

कोपरखैरणे_टेस्टर

शेवटची तारीख कशी ठेवली आहेस, नुसती १० एप्रिल की १० एप्रिल रात्री ११:५९:५९? मला वाटतंय दुसरं.

---

खारेगावकर

हो दुसरंच. दिवस संपेपर्यंत भरू दे लोकांना म्हणून ११:५९:५९ टाकलं. तुम्हाला कसं कळलं?

---

कोपरखैरणे_टेस्टर

कारण २९ आलेत :) अकरा वर्षं लोकांच्या तारखाच फोडतेय मी.

१० एप्रिल रात्री ११:५९:५९ पासून १० मे सकाळी ११:२० पर्यंत २९ दिवस आणि ११ तास २० मिनिटं १ सेकंद होतात. पायथनचं उत्तर बरोबरच आहे, त्याने तुला टाइमडेल्टा, म्हणजे दोन वेळांमधला फरक दिला, त्यात दिवसांचा कप्पा वेगळा आणि सेकंदांचा वेगळा. तू डॉट डेज म्हणालास, त्याने पूर्ण भरलेले दिवस काढून हातात ठेवले, वरचे अकरा तास गेले. हाच माणूस १० मेला रात्री ११:५९:५९ ला पैसे भरता तर ३० आले असते. म्हणजे तुझ्या प्रोग्राममध्ये एकाच दिवशी सकाळी भरणाऱ्याला एक दिवस माफ आणि अगदी शेवटच्या सेकंदाला भरणाऱ्याला नाही. हे मेंबरांना कळायच्या आत दुरुस्त कर.

दिवस मोजायचे असतील तर वेळ आधीच फेकून द्यायची. दोन्ही बाजूंना डेटटाइम नको, नुसती डेट घे, आणि मग वजा कर. ३० येतील.

आता माझा प्रश्न: ज्याने १० एप्रिललाच रात्री ११:५० ला भरले त्याला तुझा प्रोग्राम काय म्हणतो? चालवून बघ, मजा येईल.

---

खारेगावकर

अहो हे काय!! मायनस १ दिवस आणि ८५८०१ सेकंद म्हणतोय. आणि व्याजात मायनस २.७६, म्हणजे सोसायटीनेच त्याला पैसे द्यायचे. बी विंगमधल्या एकांना मे महिन्यात खरंच २ रुपये ७६ पैसे क्रेडिट गेलंय, आत्ता बघितलं. ते काही बोलले नाहीत पण.

---

कोपरखैरणे_टेस्टर

कशाला बोलतील. टाइमडेल्टात सेकंदांचा कप्पा कधी मायनस होत नाही, तो कायम ० ते ८६३९९ मध्येच राहतो. म्हणून उणे दहा मिनिटं लिहायची तर तो 'एक दिवस मागे जा आणि मग जवळजवळ एक दिवस पुढे ये' असं लिहितो. गणित चोख आहे, फक्त त्यातला दिवसांचा कप्पा एकटा उचलला की घोळ. सगळा फरक हवा असेल तर टोटल सेकंड्स विचारायचं. आणि व्याजाच्या आधी एक साधी अट, दिवस शून्याच्या खाली असतील तर शून्य धर.

---

मिसळ_मध्यम_तिखट

५ रुपये ५२ पैशात आजकाल जादा पाव पण येत नाही. चालू द्या.

---

निवृत्त_कॅशियर

खारेगावकर, अरे बाळा, तुझ्या सेक्रेटरींना दोष देऊ नकोस, ३१ म्हणणारे लोक मी ३४ वर्षं काउंटरच्या पलीकडे पाहिले आहेत. १० तारखेवर बोट ठेवून 'एक' म्हटलं की ३१ येणारच. आम्हाला बँकेत लागल्या लागल्या शिकवलं होतं, पहिला दिवस धरलास तर शेवटचा सोड, शेवटचा धरलास तर पहिला सोड, दोन्ही धरलेस तर गिऱ्हाईक येऊन कॉलर धरेल. पैसे १० ला दिले, ११ ला परत आले, तर एका दिवसाचं व्याज, दोन दिवसांचं नाही.

कॉम्प्युटर नव्हता तेव्हा आम्ही व्याजाचे तक्ते वापरायचो, रकान्यात तारीख बघायची आणि वजाबाकी. आणि तक्ता जवळ नसला तर मूठ. बोटांची गाठ म्हणजे ३१, खळगा म्हणजे ३० (फेब्रुवारीचा खळगा जरा जास्तच खोल). शेवटच्या गाठीवर जुलै, पुन्हा पहिल्या गाठीवर ऑगस्ट, म्हणून ते दोघे लागोपाठ ३१ चे. तुझ्या हिशोबात एप्रिलचे उरले २०, मेचे १०, झाले ३०. याला प्रोग्राम कशाला लागतो?

---

घणसोली_लोकल

काकांचं बरोबर आहे, पण ज्यांना पटत नाही त्यांना ट्रान्सहार्बरवर उभं करा. ठाण्याहून वाशीला जाताना स्टेशनं मोजा: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. नऊ. आता गाडी किती वेळा सुटून पुढच्या स्टेशनला पोचली ते मोजा. आठ. १० एप्रिल आणि १० मे ही स्टेशनं, व्याज लागतं ते मधल्या पट्ट्यांवर. सेक्रेटरीकाका स्टेशनं मोजतायत, एक्सेल पट्टे मोजतंय.

(जानेवारी २०२४ च्या आधी दिघा गाव नव्हतं तेव्हा आठ आणि सात. जुन्या लोकांनी भांडू नये.)

---

खारेगावकर

हे भारी आहे, सेक्रेटरीकाका तर रोज वाशीला मुलीकडे जातात, त्यांना हेच सांगतो.

---

वकीलबाई_नौपाडा

थोडं कायद्याचं, कारण मेंबर उद्या उपनिबंधकांकडे गेला तर प्रोग्राम दाखवून भागणार नाही.

जनरल क्लॉजेस अॅक्ट १८९७ च्या कलम ९ प्रमाणे, कायद्यात 'अमुक दिवसापासून' म्हटलं की तो पहिला दिवस सोडायचा आणि 'अमुक दिवसापर्यंत' म्हटलं की शेवटचा धरायचा. मुदतीच्या कायद्यात, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन अॅक्टच्या कलम १२ मध्ये, तीच रीत, ज्या दिवसापासून मुदत मोजायची तो दिवस वगळा. उपविधी हा काही संसदेचा कायदा नव्हे पण मोजायची पद्धत तीच धरली की कोणी बोट ठेवत नाही. तुमच्याकडे १० एप्रिल हा भरण्याचा शेवटचा हक्काचा दिवस, उशीर सुरू होतो ११ ला. ११ एप्रिल ते १० मे, दोन्ही धरून ३०. म्हणजे कॅशियरकाकांचं, एक्सेलचं आणि कायद्याचं एकमत आहे.

पण गंमत अशी की वयाला हा नियम नाही! १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्यात जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरतात आणि अठराव्या वाढदिवसाची सुरुवात झाली की माणूस सज्ञान, रात्री साडेअकराला जन्मला असला तरी. म्हणजे एकाच देशात व्याजाला पहिला दिवस सोडा, वयाला धरा. प्रोग्रामरने आधी विचारावं की मोजताय काय, मग वजाबाकी.

---

एकजूनवाल्याची_लेक

वकीलबाई अगदी मनातलं बोललात. माझे बाबा जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते, जन्मतारीख १ जून १९६२. आता खरा जन्म कधीचा ते आजीलाच माहीत, श्रावण होता आणि पाऊस होता एवढंच ती सांगायची, शाळेत घालताना हेडमास्तरांनी १ जून लिहून टाकली. महाराष्ट्रात असे किती १ जूनवाले असतील देव जाणे. आमच्या शाळेच्या ग्रुपवर १ जूनला निम्म्या वडिलांचे वाढदिवस असतात.

तर ५८ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, पण ज्याचा जन्म १ तारखेचा तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी. बाबा ३१ मे २०२० ला निवृत्त झाले, लॉकडाऊनमध्ये, शाल नाही श्रीफळ नाही, मोबाइलवर आठ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा पगाराच्या सॉफ्टवेअरवर काम करायचे आणि आमच्याच कोडमध्ये 'जन्मतारीख अधिक ५८ वर्षं, मग महिन्याचा शेवट' एवढंच होतं, म्हणजे १ तारखेवाल्या प्रत्येकाला एक महिना जास्त. बाबांच्या कागदावर नजर गेली म्हणून सापडलं, नाहीतर टेस्टिंगमध्ये सगळ्यांच्या जन्मतारखा १५ ऑगस्ट टाकलेल्या.

---

कोपरखैरणे_टेस्टर

१५ ऑगस्ट!! आमच्याकडे पण. जगातला प्रत्येक टेस्ट युजर स्वातंत्र्यदिनी जन्मतो.

---

ऐरोली_नाईटशिफ्ट

जावास्क्रिप्टवाले कोणी आहेत का? माझा किस्सा. क्लायंट न्यूयॉर्कचा, आम्ही ऐरोलीत. बुकिंगच्या दिवसांचा हिशोब असा लिहिलेला की दोन्ही तारखांचे मिलिसेकंद घ्या, वजा करा, ८,६४,००,००० ने भागा, पॉइंटनंतरचं उडवा. आमच्याकडे दोन वर्षं झकास चालला. मार्चमध्ये क्लायंटचा फोन, ९ तारखेला चेकइन १० ला चेकआउट केलं तर शून्य रात्री येतायत, फुकट राहतायत लोक. आम्ही आमच्या मशीनवर चालवतो तर १. त्यांच्याकडे ०. आमचं नेहमीचं उत्तर तयारच, 'माझ्याकडे तर चालतंय'.

पहाटे साडेतीनला डोक्यात उजेड पडला. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात, २०२५ ला तो रविवार ९ मार्चला होता, म्हणजे त्यांचा तो दिवस २३ तासांचाच. २३ भागिले २४, पुढचं उडवलं, शून्य. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उलटं, २५ तासांचा दिवस. आपल्याकडे घड्याळ हलत नाही म्हणून आपल्याला वाटतं दिवस म्हणजे २४ तास हे देवानेच ठरवलंय.

उपाय म्हणाल तर दोन्ही तारखांचे वर्ष-महिना-दिवस काढून यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) मध्यरात्र बनवायची आणि मग भागायचं, यूटीसीत उन्हाळी वेळ नसते. आणि महिने शून्यापासून मोजतात ते विसरू नका, जानेवारी म्हणजे ०. जुन्या जावाच्या डेट क्लासवरून १९९५ मध्ये उचललेलं दुखणं आहे ते. जावाने आपलं घर २०१४ ला जावा ८ मध्ये साफ केलं, जावास्क्रिप्टचं नवीन टेम्पोरल आत्ता कुठे ब्राउझरमध्ये यायला लागलंय, फायरफॉक्समध्ये २०२५ ला आलं.

---

पामबीच_रोड

>> आपल्याकडे घड्याळ हलत नाही

आता हलत नाही. दुसऱ्या महायुद्धात हललं होतं. १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताचं घड्याळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतं, म्हणजे नेहमीपेक्षा एक तास जास्त. पत्रिका करणारे गुरुजी आजही १९४३-४४ चा जन्म म्हटलं की विचारतात, वेळ युद्धाची की खरी? संगणकाच्या टाइमझोनच्या यादीत एशिया-कोलकाता नावाखाली हे सगळं नोंदलेलं आहे, त्यामुळे १९४४ पासून आजपर्यंतचे तास काढलेत आणि एक तासाने चुकले तर घाबरू नका, तेच बरोबर आहे.

आणि आपल्या मुंबईचं तर वेगळंच. १९०६ ला देशाची प्रमाणवेळ ठरली तरी मुंबईने आपलं स्वतःचं घड्याळ, ३९ मिनिटं मागे, १९५५ पर्यंत सोडलं नाही.

पायथनमध्ये याचा एक आचरट परिणाम आहे, खारेगावकर लक्ष दे, कारण तू पुढे यात पडणारच. जुनी पायटीझेड नावाची लायब्ररी आहे. त्यातला कोलकाता झोन सरळ डेटटाइम बनवताना टीझेडइन्फोमध्ये (टाइमझोनच्या रकान्यात) कोंबलास तर साडेपाच तास नाही, ५ तास ५३ मिनिटं लागतात! कारण ती यादीतली पहिली नोंद उचलते आणि पहिली नोंद म्हणजे कोलकात्याची एकोणिसाव्या शतकातली स्थानिक वेळ. सगळ्या वेळा २३ मिनिटांनी सरकतात आणि माणूस वेडा होतो. लोकलाइझ नावाचं फंक्शन वापरायचं असतं. नाहीतर पायथन ३.९ पासून झोनइन्फो आतच मिळतं, ते वापर आणि मोकळा हो.

---

खारेगावकर

२३ मिनिटं!!! अहो मी दोन दिवस हाच आकडा धरून बसलोय, मला वाटलं पेमेंट गेटवेचं घड्याळ पुढे आहे, त्यांना मेलसुद्धा टाकली. आता माफीची मेल टाकतो.

बरं अजून एक. ज्यांनी रात्री बारानंतर भरले त्यातल्या एकाला उशीर शून्य आलाय. १ वाजून १५ मिनिटांनी भरलेत ११ एप्रिलला.

---

पामबीच_रोड

प्रोग्राम कुठे चालतो, लॅपटॉपवर की क्लाउडवर? क्लाउडवर असेल तर सर्वरचं घड्याळ यूटीसी. सर्वर तुझ्या ऑफिसपासून दोन स्टेशनांवर ठेवलेला का असेना, त्याच्या मते तुझे १:१५ म्हणजे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ७:४५. तारीख काढायच्या आधी भारतीय वेळेत आण, मग तारीख काढ. क्रम उलटा केलास तर रोज रात्री १२ ते साडेपाच सोसायटीची सेल चालू.

---

खारेगावकर

क्लाउडवर. सेलच चालू होता मग.

---

तुर्भे_पेरोल

दिवसांचं झालं, आता महिने विचारा म्हणजे खरी मारामारी सुरू होईल.

३१ जानेवारी २०२३ ते २८ फेब्रुवारी २०२३, किती? पायथनची डेटयुटिल म्हणते एक महिना. जावाचं पिरियड म्हणतं शून्य महिने २८ दिवस. मायएसक्यूएल डेटाबेसला टाइमस्टॅम्पडिफने महिने विचारले तर ०. ओरॅकलचं मंथ्स बिट्वीन म्हणतं १, कारण दोन्ही महिनाअखेर असल्या की ते पूर्णांक देतं. चौघांचीही आपापली व्याख्या आहे आणि चौघंही आपल्या जागी बरोबर. एक्सेलच्या डेटडिफमधला एमडी हा पर्याय तर वापरू नका असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच म्हणतं.

सगळ्यात वाईट एसक्यूएल सर्व्हरचं डेटडिफ. त्याला वर्षं विचारली की ३१ डिसेंबर २०२३ ते १ जानेवारी २०२४ याला तो १ म्हणतो, कारण तो मधे किती वेळा वर्षाचा आकडा बदलला ते मोजतो, काळ मोजतच नाही. आमच्याकडे एका नव्या पोराने ग्रॅच्युइटीसाठी हे वापरलं. आता ग्रॅच्युइटीत पूर्ण वर्षं मोजायची, वर सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर अजून एक धरायचं, आणि दर वर्षाला १५ दिवसांचा पगार २६ ने भागून. ज्याची नोकरी डिसेंबरअखेरीला सुरू झाली त्याला एक वर्ष चकटफू. फॅक्टरीतल्या मंडळींनी तक्रार केली नाही हे सांगायला नको, ऑडिटला निघालं आणि मग वसुलीची पत्रं काढायला मीच.

आणि नाव एकच म्हणून फसू नका, मायएसक्यूएलचं डेटडिफ वेगळं, ते नुसते दिवस देतं, पहिल्यातून दुसरी वजा. त्यात तारखांचा क्रमही एसक्यूएल सर्व्हरच्या उलटा.

---

मिसळ_मध्यम_तिखट

मी इथे टाइमपासला आलो होतो, आता झोप उडाली. कामाचे दिवस कसे काढतात? सुट्ट्या वगळून.

---

तुर्भे_पेरोल

एक्सेलमध्ये नेटवर्कडेज. पण परत तेच, ते दोन्ही टोकं धरतं! सोमवार ते मंगळवार २. पायथनच्या नमपायमधलं बसडे काउंट शेवटचा दिवस सोडतं, तिथे १. शनिवार-रविवार दोन्हीकडे आपोआप वगळले जातात, गणपतीच्या सुट्ट्या मात्र तुम्हाला स्वतःच यादीत घालाव्या लागतात.

---

पंचांगप्रेमी

सगळे परदेशी घड्याळात अडकलेत म्हणून मध्ये बोलतो. दोन तारखांमधला फरक काढायची सगळ्यात जुनी युक्ती आपल्याकडे आहे, अहर्गण. कलियुगाच्या आरंभापासून, म्हणजे इ.स.पू. ३१०२ च्या फेब्रुवारीपासून, आजपर्यंत किती दिवस झाले तो एक आकडा काढायचा. दोन तारखांचे दोन अहर्गण, वजा केले, संपलं. महिना किती दिवसांचा, अधिकमास होता का, क्षयतिथी होती का, काही बघायला नको. आकडा फार मोठा होतो म्हणून आपल्या कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघवात, शके १४४२ ला, अकरा वर्षांचं एक चक्र पाडलं, ४०१६ दिवसांचं, म्हणजे लहान आकड्यावर काम भागतं.

तुमचा कॉम्प्युटर हेच करतो. युनिक्स या संगणकप्रणालीचा आरंभ १ जानेवारी १९७०, आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच. एक्सेलचा आरंभ १ जानेवारी १९०० म्हणजे दिवस १. सगळे आपापलं कलियुग धरून बसलेत.

---

ऐरोली_नाईटशिफ्ट

वा काका! आणि एक्सेलच्या कलियुगात एक भूत पण आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं (शंभराने भाग जातो, चारशेने नाही) पण एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० आहे, क्रमांक ६०. आधीच्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये चूक होती, फाइली जुळाव्यात म्हणून मुद्दाम ठेवली. गुगल शीट्सवाल्यांनी आरंभ ३० डिसेंबर १८९९ ला शून्य धरला, म्हणून मार्च १९०० पासून दोघांचे आकडे जुळतात.

---

निवृत्त_कॅशियर

क्षयतिथीला व्याज माफ असा ठराव करून घ्या खारेगावकर, पंचांगप्रेमी पाठिंबा देतील.

---

घणसोली_लोकल

एक्सेलला १९०० च्या आधीचं काही कळतच नाही पण. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी. पोराच्या शाळेत प्रोजेक्ट होतं, १६ एप्रिल २०२४ ला किती दिवस झाले. एक्सेलमध्ये टाकलं तर ती तारीख म्हणून घेतच नाही, अक्षरं म्हणून बसते. शेवटी पायथनमध्ये नुसती डेट वजा केली, ६२,४५७.

---

निवृत्त_कॅशियर

थांब, कागदावर बघतो. १७१ वर्षं गुणिले ३६५ म्हणजे ६२,४१५. लीप वर्षं १८५६ पासून २०२४ पर्यंत ४३, त्यातलं १९०० वजा, राहिली ४२. बेरीज ६२,४५७. जमलं. ताळा पण घेतला, सातने भागून बाकी ३. १८५३ ची ती तारीख शनिवार होती, त्यापुढे तीन म्हणजे मंगळवार, आणि २०२४ ला १६ एप्रिल मंगळवारच होता.

वेळ: चहा व्हायच्या आत.

---

पामबीच_रोड

कॅशियरकाकांना सर्वरवर बसवा.

नवी मुंबईकरांसाठी एक इशारा देऊन थांबतो. आमच्या वाशीच्या सोसायटीचा सिडकोचा भाडेपट्टा १९८४ चा, ६० वर्षांचा, म्हणजे २०४४. मी सोसायटीच्या कागदपत्रांचा डेटाबेस करताना मुदतीचा रकाना मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प प्रकारचा ठेवला आणि ती तारीख आत जाईचना. तो प्रकार १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळी ८:४४:०७ पर्यंतच पोचतो, त्यापुढे ३२ बिटांची वही संपते. मी आपला वाटाण्याएवढी फाइल असून डिस्क भरली का बघत होतो. नुसता डेट प्रकार वापरा.

जाता जाता: सिडकोची स्थापना १७ मार्च १९७०, युनिक्सच्या काळारंभानंतर बरोब्बर ७५ दिवसांनी. पहिला दिवस सोडून, वकीलबाई.

---

वकीलबाई_नौपाडा

नोंद घेतली.

---

खारेगावकर

मंडळी, काल रविवारी कमिटी बसली, अपडेट देतो.

प्रोग्राम बदलला. आधी वेळ भारतीय घड्याळात आणतो, मग नुसती तारीख काढतो, मग वजाबाकी, शून्याच्या खाली गेलं तर शून्य. ३० येतात. सेक्रेटरीकाकांना ट्रान्सहार्बरची स्टेशनं सांगितली तर ते म्हणाले दिघा गाव धरून की सोडून, मला वाटलं झालं, आता परत सुरू, पण हसले आणि ३० मान्य केले. वकीलबाईंनी सांगितलेला नियम नोटीस बोर्डवर लावलाय, 'व्याज देय तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून पैसे जमा झाल्याच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून'. मेंबरनी ८२.८५ भरले. ८३ भरले खरं तर, सुट्टे नव्हते, आता १५ पैसे पुढच्या बिलात.

लीप वर्षात ३६५ ने भागायचं की ३६६ ने यावर अर्धा तास गेला. ३६५ ठरलं, कारण पुढचं लीप वर्ष २०२८ ला आहे आणि तोपर्यंत कमिटी बदलेल.

बी विंगवाल्यांचे २ रुपये ७६ पैसे सोडून दिले.

---

कोपरखैरणे_टेस्टर

छान. वार्षिक पार्किंगचं बिल पण यातच काढतोस ना, पुढच्या वर्षीची देय तारीख कशी बनवतोस? तारखेतलं वर्ष एकने वाढवून? एकदा २९ फेब्रुवारी २०२८ टाकून बघ.

---

खारेगावकर

टाकली. 'डे इज आउट ऑफ रेंज फॉर मंथ' म्हणून फुटलं. शनिवारी बघतो.